भगरीची भाकरी आणि अक्काचं स्थळ

नवरात्र बसलं की आमच्या घराला भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास सुटायचा. एका कोपऱ्यात घट, त्यात रोज थोडं थोडं वर येणारं धान, शेजारी समई, आणि आत स्वयंपाकघरात मायचा खलबत्ता. ठक् ठक् ठक्, मग थांबून एक फुंकर, टरफलं उडाली की पुन्हा ठक् ठक्. आमचं गाव डोंगरकडा या मोठ्या गावाहून आत, केळीच्या बागांच्या मधोमध. पाऊस नुकता उघडलेला असायचा, भिंतींची ओल गेलेली नसायची, आणि वारा सुटला की केळीची पानं अशी फडफडायची की बाहेर कुणी धुणं झटकून राहिलंय असं वाटावं. घरात आम्ही चौघं: दादा म्हणजे माझे वडील, माय, माझी मोठी बहीण अक्का आणि मी. अक्काचं नाव वत्सला, माझं सुमन; पण मला सुमीशिवाय कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. माय आणि अक्का नऊ दिवस मनापासून उपवास धरायच्या. मी धरायची ती उपवासाच्या खाण्यासाठी. दादा अजिबात धरायचे नाहीत. "देवी काय माझ्या पोटात बघाया येती का?" असं म्हणून ते दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खायचे, आणि वर मायच्या साबुदाण्यातही वाटेकरी व्हायचे.

अक्का उंच होती. चांगली उंच. वरच्या फळीवरचा डबा काढायला आमच्या घरात कधी पाटावर चढावं लागलं नाही. पण त्या उंचीनं तिचं लग्न अडलं होतं. पाहुणे यायचे, चहा-पोहे व्हायचे, मग कुणीतरी मुलाला आणि अक्काला शेजारी उभं करायचं, आणि सगळ्यांचे चेहरे पडायचे. "कळवतो" म्हणून माणसं जायची ती गेलीच. दादा तिला म्हणायचे, "बाई, जरा वाकून चालत जा." ती ऐकायची. परक्या माणसासमोर तिचे खांदे आपोआप पुढं यायचे, मान खाली जायची आणि आवाज तर पार घशातच राहायचा. घरात मात्र ती मोठ्यानं हसायची, मला पाठुंगळी घेऊन अंगणभर पळायची. तिचं हे हसणं एकाही पाहुण्यानं कधी ऐकलं नाही, याची मला फार चुटपुट लागायची.

त्या वर्षी नवरात्रात हट्टा गावचं स्थळ आलं. घरची हळदीची शेती, मुलगा शिकलेला, आणि मुख्य म्हणजे मुलगा उंच आहे अशी खबर होती. दादांच्या अंगात उत्साह मावत नव्हता. मायनं पुरणासाठी डाळ भिजत घातली होती, कणीक मळायला घेतली होती, आणि ऐन वेळी निरोप आला की मुलाच्या आईला नऊ दिवसांचा कडक उपवास आहे. मग पुरण कसलं! मायनं फळीवरचा पत्र्याचा डबा काढायला सांगितला. त्यात भगरीचं पीठ होतं, श्रावणातल्या सोमवारांसाठी दळून आणलेलं, उरलेलं. तेव्हापासूनचा सगळा पावसाळा ते त्या ओलसर भिंतीला टेकून बसलेलं. मायनं झाकण काढलं, पीठ हातात घेतलं. गठुळ्या झाल्या होत्या. तिनं नाक जवळ नेलं.

"थोडा कुबट वास येऊन राहिला का गं?" ती अक्काला म्हणाली.

"बंद डब्यातलं हाय, येणारच की."

मायनं पीठ चाळलं, गठुळ्या टाकल्या, जिरं नि मीठ जरा सढळ हातानं घातलं आणि भाकऱ्या थापायला बसली. शंभरातल्या नव्याण्णव बायकांनी तेच केलं असतं. आज मी हिंगोलीत मुलाकडे राहते. भगरीचं तयार पीठ मी घरात येऊ देत नाही. अख्खी भगर आणते, निवडते, धुऊन कडक उन्हात वाळवते आणि लागेल तेवढीच त्या दिवशी दळते. सून हसते, "आई, पाकिटावर तारीख असते हो." असू दे. दर नवरात्रात, दर शिवरात्रीला पेपरात कुठल्या ना कुठल्या गावाची बातमी येतेच, आणि ती वाचताना मला तो पत्र्याचा डबा दिसतो.

तर त्या दिवशी मायचा हात खुशीनं सैल सुटला होता. भाकऱ्यांची चळत उंच झाली. शेंगदाण्याची दाटसर आमटी झाली, तुपातली बटाट्याची भाजी झाली. "उपासाच्या बायकांना फराळ दिला तर पुण्य लागतं," म्हणत तिनं ताटं झाकली आणि ती गल्लीतल्या घरोघर पोचवायचं काम माझ्याकडं आलं. मी नवा परकर सावरत या दारातून त्या दारात धावले. दिवसभराचा उपवास करणाऱ्या त्या बायका संध्याकाळची आरती झाल्यावरच खायच्या. त्यांनी ताटं देवापाशी झाकून ठेवली. परत आले तर दारात जीप उभी.

जीपमधून मुलाची आई उतरली, रुक्माबाई. ठसठशीत कुंकवाची, जरबेच्या नजरेची बाई. मागून मुलाचे मामा, ज्यांच्या मिशा त्यांच्या आधी घरात आल्या. मग जीपचा ड्रायव्हर. आणि शेवटी मुलगा, दिगंबरराव. चौकटीतून आत येताना त्यांना वाकावं लागलं. ते बघून मी धावत आत गेले आणि अक्काच्या दंडाला कचकन चिमटा काढला.

पानं मांडली. रुक्माबाईंनी विचारलं, "तुमच्याकडं उपास असतात ना समद्यांना?"

"म्हणजे काय!" दादा छाती काढून म्हणाले. "आमच्या घरात समदेच नऊ दिवस कडक!"

माय पदराआड खोकली. मग मामा म्हणाले, मलाही कडक. ड्रायव्हर म्हणाला, मग मीच कशाला मागं राहू. एकटे दिगंबरराव शांतपणे म्हणाले, "मला उपास न्हाई. पोळी असली तर पोळी द्या." रुक्माबाईंनी लेकाकडं असं बघितलं की मी असते तर तिथंच उपवास धरला असता. पण ते मळलेल्या कणकेच्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी निवांत जेवले. दादा पुण्यवान माणसाच्या चेहऱ्यानं भगरीची भाकरी मोडत होते. रुक्माबाईंनी मायला आग्रहानं आपल्या शेजारी बसवून घेतलं. मी आत चुलीपाशी बसून सगळ्यांपेक्षा जास्त खाल्लं. अक्का वाढत होती. तिनं पाहुणे उठल्यावर खायचं ठरलं होतं.

जेवणं झाली, पानसुपारी झाली, आणि अक्काला समोर पाटावर बसवलं. खांदे पुढं, मान खाली. मामांनी घसा साफ केला.

"नाव काय, पोरी?"

"वत्सला."

"सैपाक येतो का?"

"येतो."

"बराबर. नाव काय, पोरी?"

अक्कानं मान वर केली. मामांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी मिशीवरून हात फिरवायला बोट उचललं आणि ते गालाकडं गेलं. "हा खांब," मामा हळू आवाजात म्हणाले, "काहून हालून राहिला?"

"खांब न्हाई, तुमी हालून राहिले," दादा म्हणाले आणि हसायला लागले. ते हसता हसता तक्क्यावरून घसरले आणि खाली पडूनही हसतच राहिले. मलाही हसू फुटलं. माझ्यासमोर दोन रुक्माबाई बसल्या होत्या आणि दोघी एकाच वेळी जाजम घट्ट धरून म्हणत होत्या, "कुणी तरी हे घर थांबवा!" घटाची समई एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं जात होती. अंग पिसासारखं हलकं झालं होतं, तोंड कोरडं पडलं होतं, आणि सगळं इतकं मजेचं वाटत होतं की आता मी उडणार याची मला खात्री होती. मग मायचे हात थरथरायला लागले, आणि मामा अंगणात धावले ते तुळशीपर्यंतही पोचले नाहीत. पाठोपाठ मी. पाठोपाठ सगळेच.

आवाज ऐकून गल्ली गोळा झाली. समोरची कोंडाबाई, म्हातारी, लिंबू-मिरच्या घेऊनच आली. "देवीचा कोप! उपासात काय तरी विटाळलं!" मामा अंगणातल्या बाजेवर आडवे पडून ओरडले, "कोप न्हाई, ईख घातलं! आमाला बोलावून ईख घातलं!" ते ऐकून माय रडायला लागली. रडताना तिला उलटी आली, उलटीत पुन्हा रडू आलं. ड्रायव्हर जीपच्या चाकाला मिठी मारून बसला होता. आणि या सगळ्या गोंधळात आमच्या घरात दोनच माणसं पायावर धड उभी होती: अक्का आणि दिगंबरराव. तोवर दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

अक्कानंच तोंड उघडलं. "गाडी येती का तुमाला?"

"पुढं येती. मागं न्हाई."

जीप बोळात, तोंड भिंतीकडं करून उभी. अक्कानं क्षणभर जीपकडं बघितलं, मग जमलेल्या माणसांकडं. "बघून काय राहिले? ढकला की!" हा आवाज मी घरात ऐकला होता, गल्लीनं कधीच नाही. माणसं दचकून पुढं झाली. कोंडाबाईसुद्धा लिंबू कमरेला खोचून बॉनेटला भिडली. जीप उलटी ढकलत बोळातून बाहेर काढली, आम्हाला एकावर एक लादलं, आणि जीप डोंगरकड्याच्या सरकारी दवाखान्याकडं निघाली. हॉर्नच्या दोन वायरी लोंबत होत्या. त्या एकमेकींना टेकवल्या की वाजायचा. एका हातानं अक्का त्या वायरी टेकवत होती, दुसऱ्या हातानं मागं वळून रुक्माबाईंचं कपाळ धरत होती. प्रत्येक खड्ड्याला दादा "जय अंबे!" म्हणत. मी मामांच्या पोटावर होते. केळीच्या बागा दोन्ही बाजूंनी नाचत नाचत मागं जात होत्या. इतकी सुंदर सफर मी पुढं आयुष्यात केली नाही, असं म्हटलं तर लोक मला वेड्यात काढतील. पण खरं तेच आहे.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस घट्ट बांधलेल्या. त्यांनी आम्हाला खाटांवर टाकलं, नाड्या बघितल्या, इंजेक्शनं दिली, आणि जास्त लोळागोळा झालेल्यांना सलाइन लावलं. मग उभ्या असलेल्या दोघांना विचारलं, "तुम्ही काय खाल्लं?"

"मी पोळी," दिगंबरराव म्हणाले.

"मी कायच न्हाई," अक्का म्हणाली.

"आणि यांनी?"

"भगरीची भाकरी."

"पीठ कधीचं?"

अक्कानं डब्याचं, गठुळ्यांचं, वासाचं सांगितलं. बाईंनी मान हलवली. त्या म्हणाल्या, ओलीत राहिलेल्या पिठाला बुरशी धरते. अख्ख्या दाण्याला उशिरा धरते, पिठाला लवकर. कधी ती डोळ्यांना दिसते, कधी दिसतही नाही.

"पण चाळलं होतं मी," माय खाटेवरून क्षीण आवाजात म्हणाली. "तव्यावर चांगली भाजलीबी होती."

"बुरशीचं विष चाळून जात नाही, मावशी. भाजूनही जात नाही. वास आला की ते पीठ टाकायचंच. गुरांनासुद्धा घालायचं नाही." आणि मामांकडं वळून जरा मोठ्यानं म्हणाल्या, "कुणी काही घातलेलं नाही. घराची ओल आहे ही."

मामा भिंतीकडं तोंड करून झोपले. उडणारा माझा जीव आता खाली यायला लागला होता. जे काही पोटात होतं ते वाटेतच सांडलं होतं. तेवढ्यात अक्कानं मला खांद्याला धरून उठवलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"सुमे, ताटं कुणाकुणाच्या घरी दिलीस?"

माझं उरलंसुरलं हसू एकदम थांबलं. गल्लीतल्या त्या सगळ्या बायका संध्याकाळच्या आरतीनंतर जेवणार होत्या. कोंडाबाईही. तिच्या घरी तर सून बाळंतपणाला आलेल्या नणंदेसह उपवास सोडणार होती. आणि दिवस कलायला लागला होता. डॉक्टरीणबाईंनी मला एकदा तपासलं, मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली हातात दिली आणि म्हणाल्या, "जा. घोट घोट पीत राहा."

परतीचा रस्ता आम्ही कसा कापला ते देवीला ठाऊक. मी मधे बसले होते, बाटली हिंदकळत होती, आणि रस्ता अजूनही मला दोन-दोन दिसत होता. "कोणत्या रस्त्यानं घेऊ?" असं दिगंबररावांनी विचारलं तेव्हा मी प्रामाणिकपणे म्हणाले, "दोन्हीबी घ्या." अक्का खदखदून हसली. तिचं घरातलं हसणं, मोकळं, मोठ्ठं. दिगंबररावांनी रस्ता सोडून तिच्याकडं बघितलं, आणि जीप कडेच्या केळीत शिरता शिरता राहिली.

गावात शिरलो तर देवीच्या देवळात आरतीची तयारी चाललेली, कर्ण्यावर गाणी लागलेली. दारोदार फिरायला वेळ नव्हता. अक्का तडक देवळाच्या ओट्यावर चढली.

"घराचं नाव घ्यायलाच पाहिजे का?" दिगंबररावांनी खालून विचारलं. "नुसतं भगर खाऊ नका म्हटलं तर? गावात बोभाटा होईल तुमचा."

"नाव न घेतलं तर कोणती भाकरी टाकतील लोक?" अक्का म्हणाली, आणि तिनं माईक हातात घेतला.

ती सरळ उभी राहिली. पुरी, ताठ, होती तेवढी. तिचं डोकं ओट्यावरच्या तोरणाला लागलं.

"आयाबायांनो, ऐका! मी वत्सला बोलती. आमच्या घरून आलेली भगरीची भाकरी कुणी खाऊ नका. पीठ खराब झालं होतं. आमच्या घरचे समदे दवाखान्यात हायेत. ताट देवापाशी असू द्या, न्हाईतर बाहेर ठेवा, पण खाऊ नका. लेकराला देऊ नका, गाईला घालू नका. कुणी खाल्ली असंल तर आत्ताच्या आत्ता जीपमधी येऊन बसा!"

कर्ण्यातून तिचा आवाज केळीच्या बागांपर्यंत गेला. मी इतकी उचंबळून गेले की ओट्याखाली उभी राहून टाळ्याच वाजवायला लागले. मग आम्ही घरोघर पळालो. मी दार दाखवायची, अक्का आत जायची, दिगंबरराव पोत्यात भाकऱ्या गोळा करायचे. कोंडाबाईनं ताट सोडायला नकार दिला. "देवीला दाखवलेलं टाकू व्हय? पाप लागंल!"

दिगंबरराव तिच्यासमोर उकिडवे बसले. "आजी, पाप माझ्या नावावर. भाकरी मला द्या."

"तू खातोस का?"

"न्हाई. पुरतो."

म्हातारीनं त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि ताट पुढं केलं. एका घरात मात्र आरतीच्या आधीच एका पोरीनं चोरून अर्धी भाकरी खाल्ली होती. कर्ण्यावरचं ऐकून तीच रडत बाहेर आली. तिला अजून काही होत नव्हतं, तरी जीपमध्ये घातलं. गावाबाहेर खड्डा खणून, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड टाकून, त्या दोघांनी मायच्या हातच्या सगळ्या भाकऱ्या पुरल्या. अक्कानं साडीचा पदर खोचला होता, दिगंबररावांचा पांढरा सदरा मातीनं माखला होता. बघण्याच्या कार्यक्रमात लोक एकमेकांना जे काही दाखवतात, त्यातलं दोघांच्याही अंगावर काहीच उरलं नव्हतं.

दवाखान्यात परतलो तेव्हा दिवे लागले होते. मामांना आवाज फुटला होता. "लक्षण चांगलं न्हाई, ताई," ते बहिणीला समजावत होते. "पहिल्याच पानाला असं झालं. उद्या बघू, दुसरी स्थळं हायेत." दादा खाटेवर उठून बसले होते. मायनं डोळे मिटून घेतले होते. रुक्माबाईंच्या खाटेपाशीच खिडकी होती आणि बाहेर पायरीवर अक्का आणि दिगंबरराव बसले होते. दिवसभर पोटात काही नसलेल्या अक्काला कुणीतरी केळी दिली होती. ती एकामागून एक सोलत होती, खात होती, आणि मधेच काहीतरी सांगत होती. दिगंबरराव हसत होते. एकदा तर दोघंही एवढ्या मोठ्यानं हसले की डॉक्टरीणबाई बाहेर डोकावल्या. आमच्याबरोबर आणलेली ती पोरगी बरी होती, बाटलीतलं पाणी पीत खाटेवरून पाय हलवत होती.

रुक्माबाईंनी बराच वेळ खिडकीतून बघितलं. मामा पुन्हा म्हणाले, "मग, काय सांगायचं यांना? नंतर कळवतो म्हणून सांगू?"

रुक्माबाईंनी त्यांच्याकडं लक्षच दिलं नाही. त्यांनी कूस बदलली, मायच्या खाटेकडं वळल्या आणि त्या जरबेच्या आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, घसा कोरडा पडला. जरा पाणी देता का?"

मायनं डोळे उघडले. तिच्या हाताला सलाइन, रुक्माबाईंच्या हाताला सलाइन. मायनं उठायचा प्रयत्न केला, अर्धी उठली आणि परत उशीवर पडली.

"उठवत न्हाई हो, विहीणबाई," ती म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या, इतक्या की खाटा करकरल्या आणि वर टांगलेल्या बाटल्या एकमेकींवर किणकिणू लागल्या.